बोर्ड गेम घेण्याआधी माणसं मोजा

हौसेनं आणलेला बोर्ड गेम माळ्यावर जातो, कारण खेळायला पुरेशी माणसंच जमत नाहीत. आमचा कॅटन असाच धूळ खात होता. मूळ खोका ३ ते ४ जणांचा, आणि घरात आम्ही दोघंच!

१. पंधरा दिवस फ्रिजवर कागद लावा. रात्री जेवणं झाल्यावर किती जण बसायला तयार असतात, तो आकडा रोज लिहा.

२. जो आकडा जास्त वेळा येईल, त्याला चालणारा गेम आधी घ्या. दोघांसाठी कार्कासोन उत्तम. पाच जणांपर्यंत चालतो, आणि पाळीला नकाशाचा एकच चौकोनी तुकडा लावायचा असल्यानं नवखा माणूसही दुसऱ्या डावात सरावतो.

३. पाहुण्यांसाठी कोडनेम्स, म्हणजे सूचनेवरून शब्द ओळखायचा गेम. दोन संघ लागतात, म्हणजे चार तरी जण हवेत. इंग्रजी शब्द अडले तर २५ चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहा आणि पाच बाय पाच मांडा. खरं तर तसाच जास्त रंगतो.

तिसरा गेम एवढ्यात नको.

ऑनलाइन मागवताना खोक्यावर ‘एक्स्पान्शन’ (मूळ गेमला जोडायची पुरवणी) लिहिलंय का ते बघा. मूळ गेम घरात नसेल तर बहुतेक एक्स्पान्शन नुसते खेळताच येत नाहीत.