व्हॅटेराइट हवं होतं, कॅल्साइट निघालं? या चुका टाळा

कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडियम कार्बोनेट ओतलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका पडतो. त्याची तीन स्फटिकरूपं असतात. तो कॅल्साइट, अरॅगोनाइट की व्हॅटेराइट, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्यात महागात पडते ती साका ओला ठेवण्याची चूक. एकदा जुलैत, फोंड्यात, संध्याकाळी गाळलेला साका मी गाळणकागदावरच पंख्याखाली ठेवून घरी गेलो. गाळताना सूक्ष्मदर्शकाखाली व्हॅटेराइटचे छान गोळे दिसले होते. सकाळी त्यांच्या जागी कोपरे फुटलेले चौकोनी ठोकळे! व्हॅटेराइट पाण्यात जास्त विरघळतं. ते विरघळत जातं आणि कॅल्साइट साचत जातं. खोलीच्या तापमानाला काही तासांत खेळ खलास. आपल्या पावसाळी हवेत कागद रात्रभर सुकतच नाही. ओला साका थेट ओव्हनमध्ये घालणंही चूकच, गरम पाण्यात हा बदल आणखी वेगाने होतो. गाळल्याबरोबर थोड्या थंड पाण्याने धुवा, मग दोनदा इथेनॉलने, नंतरच ओव्हन. बाटलीत सिलिका जेल टाका.

दुसरी समजूत शिंपल्यांची. तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचं कवच अरॅगोनाइटचं, म्हणून त्या भाजून केलेल्या चुन्यातून अरॅगोनाइटच पडेल, असं वाटतं. नाही पडत. भट्टीत कवचाची मूळ रचना मोडते, चुन्याला तिची काही आठवण नसते. उलट अर्धवट भाजलेले कण कॅल्साइटचे झालेले असतात आणि नव्या साक्याला बीज पुरवतात. बीकरला चिकटलेला जुना थरही तेच करतो, म्हणून आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळा.

अरॅगोनाइट हवं असेल तर दोन्ही द्रावणं मिसळण्याआधीच ६०–८० अंशांवर आणा; साका पडल्यावर तापवायला घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. मॅग्नेशियमही मदत करतं, कारण ते कॅल्साइटची वाढ अडवतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे सुमारे ५ असतात. म्हणूनच किनाऱ्याजवळच्या खारट विहिरीचं पाणी घेऊन ‘शुद्ध कॅल्साइट’ मागू नका. डिस्टिल्ड पाणी घ्या.

कोणतं रूप पडलं ते एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात कळतं. त्यात कॅल्साइटची मोठी रेघ २९.४ अंशांच्या कोनावर (2θ) येते (तांब्याच्या नळीचं यंत्र असेल तर). २७ जवळची एकटी रेघ पाहून निकाल देऊ नका, तिथे अरॅगोनाइट आणि व्हॅटेराइट दोघंही गर्दी करतात. व्हॅटेराइटसाठी २४.९ बघा, अरॅगोनाइटसाठी २६.२.