अनेक महिने ओपिऑइड वेदनाशामके घेणाऱ्या पुरुषांनी प्रजनन आरोग्याची तपासणी कशी करून घ्यावी

सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्या कामगाराला कंबरदुखी नवी नाही, आणि त्यासाठी सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहणेही नवे नाही. मूल होत नाही म्हटल्यावर मात्र घरात आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात आणि नवऱ्याच्या त्या गोळीचा विचार कोणाच्या मनात येत नाही; ती ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातील वेदनाशामक असेल, तर प्रजननक्षमता घटवू शकते. हे चुकीचे आहे, कारण त्यात वेळ जातो आणि त्या बाईला विनाकारण त्रास होतो.

सर्वप्रथम गोळीच्या पाकिटावरील घटकांची सर्व नावे वाचावीत. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन आणि त्वचेवर लावायची फेंटानिलची पट्टी ही ओपिऑइड औषधे आहेत. डायक्लोफिनॅक किंवा नुसते पॅरासिटामॉल या वर्गात येत नाही. मात्र पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, म्हणून पहिले नाव वाचून थांबू नये. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देणाऱ्या दुकानातून घेऊ नये.

ही औषधे मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून ठरावीक अंतराने सुटणारा संप्रेरकाचा इशारा दाबतात, त्यामुळे मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके कमी येतात आणि वृषणे निरोगी असूनही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची व शुक्राणूंची निर्मिती मंदावू शकते. कामेच्छा कमी होणे, लिंगाला ताठरता न येणे, सतत थकवा, उदासी, स्नायू व हाडे कमकुवत होणे ही त्याची लक्षणे असतात. ‘वय झाले’ किंवा ‘कामाचा ताण आहे’ असे म्हणून ती सोडून दिली जातात. शरमेपोटी ती डॉक्टरांपासूनही लपवली जातात, आणि निदान लांबण्याचे मोठे कारण हेच आहे.

तपासणीसाठी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, टेस्टोस्टेरॉनचे रक्त द्यावे. टेस्टोस्टेरॉन कमी आढळल्यास दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा रक्त द्यावे, कारण एका आकड्यावरून निदान होत नाही. त्यासोबत एलएच, एफएसएच आणि पियूषिकेतूनच येणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पाहिले जाते. वीर्य तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संभोग किंवा वीर्यस्खलन टाळावे. सिव्हिलमध्ये किंवा खासगी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाताना गोळीचे पाकीट, मात्रा आणि कधीपासून घेत आहात याची नोंद बरोबर न्यावी.

निकाल काहीही आला तरी गोळी एकदम बंद करू नये, यावर माझा सर्वाधिक भर आहे. अचानक बंद केल्यास अस्वस्थता, घाम, जुलाब, अंगदुखी आणि झोप उडणे असा त्रास होतो, आणि त्या त्रासापोटी माणूस पुन्हा जास्त मात्रा घेतो. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ गोळी चालू असल्यास महिन्याला सुमारे दहा टक्के किंवा त्याहून सावकाश कपात अनेकांना सोसते; मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीतच करावी आणि दुखण्यावर फिजिओथेरपीसारखा दुसरा उपाय सोबत सुरू ठेवावा. सवय लागली आहे असे वाटत असल्यास 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर फोन करता येतो.

टेस्टोस्टेरॉन कमी आले म्हणून कोणी त्याचे इंजेक्शन सुचवले, तर मूल हवे आहे हे आधी स्पष्ट सांगावे. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती आणखी घटवते. अशा वेळी तज्ज्ञ वेगळी औषधे निवडतात.

शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. म्हणून गोळी कमी किंवा बंद झाल्यानंतर पुढची वीर्य तपासणी तीन महिन्यांनी करावी, त्याआधी निराश होऊ नये, आणि याच काळात पत्नीची आवश्यक तपासणीही सोबत करून घ्यावी.