कंपनी आली, आले की आलो? पत्रात आणि बातमीत कंपनीबद्दल असे लिहा

आधी नावामागचा शब्द शोधा. बॉश, महिंद्रा, एचएएल या सगळ्या ‘कंपनी’, म्हणून स्त्रीलिंगी: विमाने बनवणारी एचएएल १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला आली. समूह किंवा कारखाना असेल तर ‘आला’. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली; तेच पूर्ण नाव लिहिलेत तर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. दोन्ही बरोबर, फक्त एका परिच्छेदात सरमिसळ नको. ‘कंपनी निर्जीव, म्हणून नपुंसकलिंग वापरा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. मराठीत दगड तो, भिंत ती आणि चांगले रांगते मूल ते.

‘ने’ लागला की क्रियापद कर्माप्रमाणे चालते: कंपनीने प्रकल्प उभारला, शाखा उघडली, गोदाम बांधले.

‘तिने दरवाढ केली’ व्याकरणाने चुकत नाही, पण कानाला खटकते. ‘कंपनीने’ पुन्हा लिहा. ‘त्यांनी पेमेंट केलं नाही’ हे बोलण्यातले. तिथे डोळ्यांसमोर कंपनीतली माणसे असतात. बातमीत ते नको.

आता कंपनीच्या वतीने पत्र. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपची पत्रे मी तपासते, आणि मला सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागला. घोळ घालतो तो ‘आपण’. ‘कंपनीने आपले गोदाम हलवले’ यात आपले म्हणजे स्वतःचे. ‘आपले पत्र मिळाले’ यात तुमचे. ‘आपली कंपनी’ म्हणजे तुमची-माझी दोघांची. एकाच पत्रात तिन्ही आले की वाचणारा गोंधळतो.

हे वाक्य पाहा: ‘आपल्याकडून माल पाठवायला उशीर झाला, क्षमस्व.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे आहे, आमच्याकडून. ग्राहक वाचतो, तुमच्याकडून; म्हणजे चूकही त्याचीच आणि वर माफी कसली? पुढचे बिल अडकते ते अशाने. नम्र दिसावे म्हणून ‘आमच्या’ऐवजी ‘आपल्या’ लिहा असे शिकवणारे लोक आहेत, त्यांचे मुळीच ऐकू नका. कंपनी स्वतःबद्दल बोलते तेव्हा आम्ही, आमचे, आमच्याकडून. ग्राहकासाठी आपण, आणि क्रियापद आदरार्थी: ‘आपण कळवावे’. पत्र पाठवण्यापूर्वी प्रत्येक ‘आपला’च्या जागी ‘तुमचा’ घालून वाचा. अर्थ बिघडला तर तिथे ‘आमचा’ हवा, किंवा स्वतःचा असे स्पष्ट लिहायला हवे.

कामगारांसाठीच्या सूचनाफलकावर मात्र ‘आपली कंपनी’ शोभते, कारण वाचणारा त्या कंपनीतलाच. पण कामगार कपातीच्या सूचनेत ‘आपण काही पदे कमी करत आहोत’ असे कधीही लिहू नका. ज्याची नोकरी जाते आहे, त्याला त्या निर्णयात ओढायचा हक्क कुणालाच नाही. तिथे ‘कंपनीने ठरवले आहे’ एवढेच लिहा, आणि खाली सही करा.