स्वतःचं गाणं रिलीज करताय? आधी या चुका टाळा

मराठीत ऑल्ट-पॉप (नेहमीच्या साच्याबाहेरचं पॉप) करणाऱ्यांचं गाणं हल्ली मिक्सिंगमध्ये फारसं अडत नाही. अडतं ते तारखेत आणि कागदावर.

रिलीज शुक्रवारी आणि फाइल डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, बुधवारी, हे नेहमीचंच. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं रिलीजआधीच ठेवता येतं, नंतर नाही. किमान 7 दिवस आधी ठेवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची त्यांची प्लेलिस्ट) जातं. हाताशी चार आठवडे ठेवा, कारण कव्हरवर इन्स्टाचं हँडल दिसलं की डिस्ट्रिब्युटर ते नाकारून परत पाठवतो. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल, ऑडिओ 24 बिट वेव्ह (WAV, न दाबलेली फाइल). एमपीथ्रीची वेव्ह करून पाठवू नका, गेलेला आवाज परत येत नाही.

नाव नुसतं ‘आर्या’ ठेवलंत तर गाणं दुसऱ्याच आर्याच्या पानावर जाऊन बसेल. दुसऱ्या रिलीजपासून डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये आपल्या प्रोफाइलची लिंक द्या, रोमन स्पेलिंग बदलू नका आणि भाषा ‘मराठी’ निवडली आहे ना, ते बघा.

सगळ्यात महागात पडतं ते हिस्सा लिहून न ठेवणं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर. डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो मास्टरचा पैसा. शब्द-चालीची रॉयल्टी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत येते, पण त्यासाठी गीतकार-संगीतकार सभासद हवेत आणि गाणं तिथे नोंदवलेलं हवं. नुसतं अपलोड करून ते होत नाही. म्हणून डेमो झाला त्याच दिवशी एका पानाची स्प्लिट शीट, म्हणजे हिश्शांचा कागद, करा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कागदोपत्री नाव, शब्दांत किती टक्के, चालीत किती, मास्टरमध्ये किती, सह्या. प्रत्येक रकान्याची बेरीज 100. प्रोड्युसरला फी दिली असेल तर ‘फीवर हिशेब संपला’ की ‘शिवाय मास्टरमध्ये हिस्सा’, तेही लिहा. गाणं चाललं की हुक, म्हणजे गाण्यातली लक्षात राहणारी ओळ, आपलीच होती असं सगळ्यांनाच आठवायला लागतं.

लेबलचा, म्हणजे म्युझिक कंपनीचा, करार आला तर मुदत आणि प्रदेश आधी बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणून तर ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द करारात हमखास असतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देता येत नाही. तसं कलम घातलेलं असेल तर वकिलाला दाखवा.

भाड्याच्या बीटवर, म्हणजे अनेकांना वापरायला दिलेल्या तयार संगीतावर, गायलात तर डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीची (यूट्यूबवर आपलं गाणं ओळखून क्लेम टाकणारी यंत्रणा) खूण करू नका. तीच बीट घेतलेल्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर तुमचा क्लेम जाईल, त्याचा तुमच्यावर येईल.

मास्टर −8 एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) दाबून फायदा नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला ते −14 वर आणतं. उरतो तो नुसता चेपलेला ड्रम.

12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम्स झाल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही, म्हणून काहीजण स्ट्रीम्स विकत घेतात. पकडलं गेलं की दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो आणि तो तुमचं खातंच बंद करू शकतो.

डिस्ट्रिब्युटर बदलताना तीच फाइल, तेच शीर्षक आणि तोच आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) वापरा. नवीन अपलोडवर जुने आकडे दिसायला लागले की मगच जुनं उतरवा.