हॅकिंगच्या गोष्टी वाचून नेटवर्क सिक्युरिटी शिकताय? मग एवढं एक सांभाळा

परभणी, नांदेड, बीडकडची बरीच पोरं विचारतात की दादा, सीसीएनएचं (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचं) पुस्तक डोक्यात शिरंना, हॅकिंगच्या कादंबऱ्या अन सिरीजमधून शिकलं तर चालंल का. चालतंय. मी तसाच शिकलो, ज्युनिअर पोरांना आजबी तसंच शिकवतो. फक्त गोष्टीतली टूल्स खरी पाहिजेत. २००३ च्या 'द मॅट्रिक्स रीलोडेड'मधी ट्रिनिटी एनमॅप चालवते (मशीनचे कुठले पोर्ट, म्हणजे आत शिरायची नंबरवारी दारं, उघडी आहेत ते शोधणारं टूल), पोर्ट २२ उघडं सापडतं, मग एसएसएचच्या (लांबून मशीनमधी लॉगिन करायच्या सोयीच्या) २००१ मधी उघड झालेल्या खऱ्याच बगवर हल्ला करते. सीन काही सेकंदांचा, पण तो नीट समजून घ्यायचा म्हणलं तरी पोर्ट, सर्व्हिस, व्हर्जन, पॅच सगळं शिकावं लागतं.

आता खड्डा कुठंय ते ऐका. गोष्ट कायम हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं सांगितलेली असते. समजा कॅफेतला सीन आहे, हिरो एआरपी स्पूफिंग करतो ("तो आयपी माझाच" असं नेटवर्कला खोटं सांगून दुसऱ्याचा ट्रॅफिक स्वतःकडं वळवतो) अन शेजारच्याचा पासवर्ड ह्याच्या स्क्रीनवर. वाचून वाटतं कळलं की. मलाबी वाटलं होतं. पुण्यात सॉकच्या (नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या टीमच्या) मुलाखतीत विचारलं, "कॅप्चरमधी हे कसं दिसंल?" (कॅप्चर म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटची पकडून ठेवलेली नोंद) तर तोंडातून शब्द फुटंना, कारण कमांड पाठ होती अन पॅकेट कधी बघितलंच नव्हतं. लातूर पॅटर्ननं प्रश्नसंच घोटून मार्क पडत असतील, इथं नाही पडत.

म्हणून सीन दुसऱ्यांदा वाचताना वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) उघडा. तीन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर) घ्या: काली (हल्ल्याची टूल्स असलेलं लिनक्स), मेटास्प्लॉइटेबल (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन, हा आपला सर्व्हर) अन एक साधं लिनक्स. स्पूफिंगच्या आधी साध्या मशीनवर एआरपी टेबल (कुठल्या आयपीपुढं कुठला मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, त्याची यादी) बघा, नंतर परत बघा. सर्व्हरच्या आयपीपुढं आता कालीचा मॅक दिसंल. कॅप्चरमधी कुणी न विचारताच एआरपी रिप्लाय येत राहतेत, अन वायरशार्क स्वतःच डुप्लिकेट आयपीची वॉर्निंग देतो. एआरपी १९८२ चा आहे, उत्तर देणारा खरा की खोटा हे तो तपासतच नाही, सगळी गोम तिथं आहे. मग साध्या मशीनवरून सर्व्हरवर टेलनेटनं (एनक्रिप्शन नसलेल्या जुन्या पद्धतीनं) लॉगिन करा अन वायरशार्कमधी टीसीपी स्ट्रीम फॉलो करा, म्हणजे सगळं बोलणं सलग दिसंल. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा येतं, कारण सर्व्हर ते परत पाठवतो, पासवर्डचं एकदाच. हे एकदा डोळ्यानं बघितलं की जन्मात विसरत नाही.

आता स्विचवर हे कशानं अडलं असतं ते शोधा. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटे एआरपी रिप्लाय स्विचवरच अडवणारी सोय), अन ते डीएचसीपी स्नूपिंगच्या टेबलवर (कुणाला कुठला आयपी दिला ह्याची स्विचनं ठेवलेली नोंद) चालतं. प्रत्येक सीनसाठी एवढं वहीत लिहा: काय दिसलं, कुठं दिसलं, कशानं थांबलं असतं.

एचटीटीपीएसच्या साइटवर पासवर्ड दिसला नाही तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. गोष्ट जुन्या वेबची असती, आता ट्रॅफिक एनक्रिप्टेड असतो.

थोड्या दिवसांत हॅकर बनवतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे घालू नका. मेंटॉर करायचा तर जो उत्तर द्यायच्या आधी तुमची कॅप्चर फाइल मागतो तो धरा, मग तो कितीबी खडूस असू द्या.

अन हे कॉलेजच्या नाहीतर शेजाऱ्याच्या वायफायवर अजिबात करायचं नाही. आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्र म्हणला म्हणून परवानगी होत नसती.

व्हर्च्युअलबॉक्समधी तिन्ही मशीनला १०.०.२.१५ हाच आयपी दिसत असंल अन पिंग लागत नसंल, तर नेटवर्क नॅटवर आहे, म्हणजे प्रत्येक मशीन आपापलं वेगळं पडलंय. सेटिंगमधी होस्ट-ओन्ली करा, तिन्ही एकाच नेटवर्कवर येतील अन पिंग लागंल.