मोती, पोवळं, ओपल, पाचू: नाजूक खड्याची अंगठी रोज घालायची असेल तर

लिंबाचं लोणचं घालताना मी हातातली मोत्याची अंगठी काढली नव्हती. आत्याने दिलेली, चांदीतली, करंगळीत घालायची. अर्धा तास फोडींना मीठ चोळत बसले, नंतर हात धुतले आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या ट्यूबलाइटखाली हात वळवला तर मोत्याची एक बाजू खडूसारखी पांढरट दिसत होती, नखाने हलकंच चाचपलं तर किंचित खरखरीत लागलं. सराफ बाजारातल्या कारागिराला दाखवलं, तो म्हणाला गेलेली चमक परत येत नाही ताई, मोती खालून अर्धा भोक पाडून खुंटीवर चिकटवलेला असतो, तो काढून फिरवून देतो. आता ती बाजू अनामिकेकडे असते, कुणाला दिसत नाही पण मला माहिती आहे ना. तेव्हापासून जे जे शिकले ते इथे लिहितेय, कारण आपल्याकडे राशीचा खडा घरोघरी असतो, पण तो सांभाळायचा कसा हे घेताना फारसं कुणी सांगत नाही.

आधी तुमचा खडा कोणता ते नीट माहीत करून घ्या. खड्याचा कठीणपणा मोजायला मोह्स नावाची मोजपट्टी आहे, 1812 मधली, त्यात हिरा 10, माणिक आणि नीलम 9. मोती साधारण 2.5 ते 4.5, पोवळं 3 ते 4, फिरोजा 5 ते 6, ओपल 5.5 ते 6.5. आता हे लक्षात ठेवा की हवेतल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते 7 च्या आसपास. म्हणजे ओढणीच्या टोकाने अंगठी कोरडीच घासून पुसली की धूळच ओरखडे काढते, मोती-फिरोजा हळूहळू मंद दिसायला लागतो आणि आपण म्हणतो खडा खोटा निघाला. आधी फुंकर मारा, मग ओलसर मऊ सुती कापडाने टिपा. घासायचं नाही, टिपायचं.

आणि कठीण म्हणजे मजबूत असं नाही हं. पाचू 7.5 ते 8 आहे पण त्याच्या पोटात बारीक चिरा असतातच, बहुतेक पाचूंमध्ये त्या चिरा दिसू नयेत म्हणून तेल भरलेलं असतं, सीडरवुडचं वगैरे. हे फसवणं नाही, व्यवहारात चालतं, फक्त लॅबच्या सर्टिफिकेटवर ती ओळ असते ती वाचा. ते तेल गरम पाण्याने, सॅनिटायझरने, दुकानातल्या अल्ट्रासोनिक मशीनने निघून जातं आणि मग चिरा उघड्या पडतात. दुकानात गेलात आणि "द्या मॅडम फुकट क्लीन करून देतो" म्हणाले तर पाचू, ओपल, मोती, पोवळं, फिरोजा यातलं काहीही मशीनमध्ये टाकू देऊ नका, स्पष्ट सांगा हाताने पुसून द्या. ओपलच्या आत तर पाणीच असतं, त्यामुळे गॅसजवळची एकदम उष्णता किंवा उन्हात तापलेल्या गाडीतून थेट एसीत असं झालं की तडकू शकतो.

मोती आणि पोवळं दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच जवळजवळ. चुनखडीवर लिंबू पिळलं की काय होतं ते आठवा. मिसळीवर लिंबू पिळताना, चिंचेचा कोळ काढताना, व्हिनेगर वापरताना, मेंदी काढून घेताना (त्यात लिंबू आणि निलगिरीचं तेल असतं) अंगठी काढायची म्हणजे काढायचीच. घामाचंही तसंच, दिवसाअखेर एकदा पुसून ठेवलीत तरी पुष्कळ फरक पडतो. फिरोजा हळद, तेल, क्रीम सगळं पिऊन घेतो आणि हिरवट पडतो.

आता खरा प्रश्न असतो तो वेगळाच, "गुरुजींनी सांगितलंय काढायची नाही". मीही घाबरत होते, मग आमच्या गुरुजींनाच सरळ विचारलं, ते म्हणाले स्वयंपाकाला, अंघोळीला काढून ठेव आणि परत श्रद्धेने घाल, खडा फुटला तर तो घालण्यात काय अर्थ. तुम्हीही विचारून घ्या म्हणजे मनात किंतु राहत नाही. आणि घालण्याआधी कच्च्या दुधात ठेवायची असेल तर मोती-पोवळं दोन मिनिटं पुरे, रात्रभर नको, दूध नासतं, आंबट होतं. नंतर साध्या पाण्याने धुवून लगेच कोरडी करा.

घालायचा क्रम अगदी सोपा आहे, तयार होताना सगळ्यात शेवटी अंगठी, घरी आल्यावर सगळ्यात आधी अंगठी काढायची. पावडर, परफ्यूम, हेअरस्प्रे, सनस्क्रीन सगळं वाळल्यावर मगच. कणीक मळताना, भांडी घासताना, जिममध्ये, स्विमिंगला नको (क्लोरीन सोन्याच्या मिश्रणालाही खातं). स्कूटीवर खडा ब्रेकच्या लिव्हरवर आपटतो हे मला नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला रोज जाणवतं, म्हणून उंच बसवलेला खडा असेल तर गाडी चालवताना तो तळव्याकडे फिरवू नका, तिथे हँडलवर दाबला जातो, सरळ काढून पर्समध्ये छोट्या डबीत ठेवा. रंगपंचमीला रहाडीत (आमच्याकडे रंगाच्या पाण्याने भरलेला हौद) उडी मारणार असाल तर अंगठी घरीच, त्या गर्दीत पडली तर शोधणार कुठे, आणि रंग मोत्यात, फिरोजात मुरतो तो वेगळा. द्राक्षबागेत काम असेल तर भुरी रोगासाठी गंधक मारतात ना, त्या गंधकाने चांदी काळी पडते, तेव्हा बागेत जाताना चांदीतली अंगठी नको.

काढली की ठेवायची कुठे, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते कारण अंगठ्या हरवतात त्या बेसिनच्या काठावर नाहीतर टिश्यूत गुंडाळून. घरात एकच जागा ठरवा. मी ओट्यापासून लांब खिडकीत पितळेची लहान वाटी ठेवलीय, आत मऊ कापड, आणि तिथेच, दुसरीकडे कुठेच नाही. हिऱ्याची अंगठी मोत्याच्या शेजारी टाकू नका, हिरा ओरखडे काढणारच. मोती आणि ओपल वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॉकरला ठेवू नका, अगदी कोरड्या जागेत ते खराब होतात, मऊ कापडी पिशवी बरी.

धुणं कसं, तर माणिक, नीलमला कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू आणि लहान बाळाचा मऊ टूथब्रश चालतो. पत्रिकेच्या अंगठ्या मागून उघड्या असतात, खडा त्वचेला लागावा म्हणून, तिथे साबण आणि कणकेचा थर साचतो, तो मागच्या बाजूने काढा. हे वाडग्यात करा, नळाखाली कधीच नाही. पाचूला तसंच पण अगदी हलक्या हाताने आणि पाणी गार. बाकी नाजूक मंडळींना फक्त ओलं कापड, मोती तर भिजत घालूच नका, खुंटीवरचा चिकटवलेला भाग सुटतो. टूथपेस्ट, तांब्यापितळेची पावडर, सोडा यातलं काहीही खड्याला लावायचं नाही, चांदी चमकेल आणि खडा जाईल.

महिन्यातून एकदा ही तपासणी करा, एक मिनिट लागतं. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा, टिकटिक आवाज आला तर खडा कोंदणात हललाय. मग जुना नायलॉनचा मोजा खड्यावरून फिरवा, धागा अडकला तर खडा धरणारा एखादा काटा वर उचललाय. दोन्हीपैकी काही झालं तर त्या दिवसापासून घालणं बंद आणि कारागिराकडे. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, त्याचे काटे लवकर वाकतात, म्हणून रोजच्या वापराची नवीन करत असाल तर 18 कॅरेटमध्ये आणि काट्यांऐवजी चारही बाजूंनी बंद कोंदणात बसवून मागा, थोडी कमी झगमगते पण खड्याच्या कडा झाकल्या जातात.

माप देताना एक सांगते, नाशिकच्या थंडीत बोटं आकसतात, जानेवारीत सकाळी माप दिलं तर मे महिन्यात अंगठी रुतते आणि उन्हाळ्यात दिलं तर थंडीत रामकुंडावर हात पाण्यात घातला की निसटते. शक्यतो दुपारी, बोटं गार किंवा सुजलेली नसताना माप द्या, सांध्यावरून जरा अडून उतरली की बरोबर.