जमिनीखालची वीजकेबल थंड राहावी म्हणून चर कसा भरावा

जमिनीत पुरलेल्या केबलला पंखा नसतो आणि वाराही लागत नाही. तिच्यात निर्माण होणारी उष्णता बाहेर नेण्याचे काम भोवतीची मातीच करते. क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचे (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे) आवरण असलेल्या केबलचा वाहक, म्हणजे आतली धातूची तार, सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला चालतो, पण कोणत्या भाराला तो तिथवर पोहोचेल हे बऱ्याच अंशी चरात काय भरले आहे यावर ठरते. आपल्याकडे मात्र केबल निवडताना जितका काथ्याकूट होतो, त्याच्या दशांशही भरावाबाबत होत नाही. उकरलेलीच माती, डबर आणि विटांच्या तुकड्यांसह, परत चरात लोटली जाते.

सुरुवात माती तपासण्यापासून करावी. भारतात केबलची क्षमता सहसा जमिनीचे तापमान ३० अंश आणि मातीची औष्णिक रोधकता, म्हणजे माती उष्णतेला किती अडवते याचे माप, १.५ केल्विन-मीटर प्रति वॅट धरून दिलेली असते. ही रोधकता दुप्पट झाली, तर तीच केबल साधारण पाव हिश्श्याने कमी प्रवाह वाहू शकते. म्हणून प्रयोगशाळेकडून ओल्या मातीचा आकडा घेऊन थांबू नये, तर नमुना दाबून, भट्टीत पूर्ण वाळवून मोजलेला आकडाही मागावा. केबलचा पृष्ठभाग दीर्घकाळ साधारण ५० अंशांच्या वर राहिला की लगतचा ओलावा दूर सरकू लागतो, कोरडी माती उष्णता आणखी अडवते, त्यामुळे केबल आणखी तापते, आणि हे चक्र आपणहून थांबत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत तर मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी भेग केबलपर्यंत पोहोचली की मातीच्या जागी हवा येते, आणि हवा पाण्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहते.

न्यूझीलंडमधील ऑकलंडमध्ये १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक निकामी झाल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे विजेच्या टंचाईत राहिला. चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत केबलभोवतीच्या भरावाची औष्णिक स्थितीही होती.

सुदैवाने सगळी जमीन बदलावी लागत नाही. ६ सेंटिमीटर व्यासाची केबल ९० सेंटिमीटर खोलीवर असेल, तर बाहेरील एकूण औष्णिक रोधापैकी सुमारे ४० टक्के रोध केबलच्या केंद्रापासून १५ सेंटिमीटरच्या आतच असतो. तेवढा पट्टा नीट भरला तरी मोठा फरक पडतो.

या पट्ट्यात एकसारख्या दाण्यांची वाळू घालू नये, कारण ती वाळली की दाण्यांमधल्या पोकळ्यांत फक्त हवा उरते. जाड, मध्यम आणि बारीक असे सर्व आकाराचे दाणे असलेली वाळू किंवा दगडखाणीची कच घ्यावी, म्हणजे लहान दाणे मोठ्यांच्या फटी बुजवतात. मूठभर माल किंचित ओला करून दाबला असता मुटका टिकला, तर बारीक भाग पुरेसा आहे असे ढोबळमानाने समजावे. आधी सुमारे ७.५ सेंटिमीटरचा थर दाबून घ्यावा, त्यावर केबल ठेवावी, आणि वरचा भराव १० ते १५ सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर शिंपून व धुम्मसाने ठोकून भरावा. केबलच्या अगदी वर मात्र हलक्या हाताने ठोकावे. केबलच्या कुशीतली जागा हमखास पोकळ राहते, तिथे माल हाताने सारावा. भार जास्त असेल, तर वाळू, खडी, राख आणि अगदी थोडे सिमेंट यांचे पातळ मिश्रण ओतणे उत्तम, कारण ते कुशीत आपणहून शिरते आणि पुढे दुरुस्तीसाठी कुदळीने फोडताही येते.

प्लास्टिकच्या पाइपातून केबल नेणे सोयीचे वाटते, पण पाइपातली हवा उष्णता अडवते. त्यामुळे पाइप रस्त्याखालच्या तुकड्यापुरताच ठेवावा. दोन केबल शेजारी असतील, तर चराची रुंदी वाचवण्यासाठी त्या चिकटवू नयेत. विटा किंवा फरशीचे संरक्षण भरावाच्या वर येऊ द्यावे, आणि केबलच्या मार्गावर मोठी झाडे लावू नयेत, कारण त्यांची मुळे नेमका तोच ओलावा ओढून घेतात.